मेन गिळणारं बरोबरचं चिन्ह

आमच्या प्रयोगशाळेत तीन नियम होते. चपला बाहेर काढायच्या, फ्लॉपी आत नेण्याआधी मॅडमना दाखवायची, आणि बरोबरच्या चिन्हाचं फंक्शन मेनच्या खाली लिहायचं. पहिल्या दोन नियमांची कारणं मुलांना ठाऊक होती. तिसऱ्याचं कारण फक्त मला आणि सरांना ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जळगावच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत इन्स्ट्रक्टर होते. आम्ही मूळचे सावद्याकडचे, घरी केळीचे मळे. मी नेमकं काय काम करते हे वडिलांना कधी सांगता आलं नाही, आणि त्यांनाही त्याची गरज पडली नाही. 'पोरगी एसीत बसते' एवढं सांगितलं की समोरचा गप्प व्हायचा. मे महिन्यातलं जळगाव ज्याने पाहिलंय त्याला यापुढे काही विचारायचं सुचत नाही.

विभागप्रमुख सर पन्नाशीचे होते. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, आवाज हळू. ते कधी कुणाला रागावले नाहीत आणि त्यांचा शब्द कधी कुणी मोडला नाही. विद्यार्थ्यांची नावं ते वर्षभरात विसरायचे, पण कुणाचा प्रोग्राम कुठे अडकला होता हे दहा वर्षांनीही सांगायचे. त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे त्यांचा एडिटर.

एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची वही, एवढं समजलं तरी पुरे. बाकीची कॉलेजं बाहेरून आणलेले एडिटर वापरत. आमच्याकडे बाराही मशिनवर सरांचा घरचा एडिटर होता. तो उघडला की निळ्या पडद्यावर चौकटीत सरांचं नाव यायचं, मग एंटर दाबायचा. प्रोग्राममधल्या सूचना गठ्ठ्यागठ्ठ्यांनी बांधलेल्या असतात. एकेका गठ्ठ्याला फंक्शन म्हणतात. त्यातल्या एकाचं नाव मेन, आणि कॉम्प्युटर सुरुवात करतो ती तिथूनच. सरांच्या एडिटरमध्ये एक कळ दाबली की उजव्या बाजूला सगळ्या फंक्शनांची यादी यायची. दुसरी कळ दाबली की प्रोग्राम चालायचा. पण चालवण्याआधी एडिटर यादीत मेन आहे का ते बघायचा, आणि नसला तर वाजायचा. मग खाली रोमन अक्षरांत मराठी वाक्य यायचं, 'मेन कुठे आहे? आधी मेन लिहा.' खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना हे वाक्य फार आवडायचं. कॉम्प्युटर आपल्याशी आपल्या भाषेत बोलतो म्हणून ती मुद्दाम मेन खोडून बघत.

अभ्यासक्रमात सी प्लस प्लस आलं आणि गडबड सुरू झाली. या भाषेत आपण आपल्याला हव्या त्या वस्तू बनवू शकतो. तारीख बनवा, गुणपत्रिका बनवा. मग अशा दोन वस्तूंमध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं तर एकीतलं दुसरीत कसं उतरवायचं, हेही आपणच एक फंक्शन लिहून सांगायचं. त्या फंक्शनच्या नावातच बरोबरचं चिन्ह असतं. 'ऑपरेटर' हा शब्द आणि त्याला चिकटून ते चिन्ह.

एका विद्यार्थिनीने असं फंक्शन लिहिलं, त्याच्याखाली मेन लिहिला आणि कळ दाबली. एडिटर वाजला, 'मेन कुठे आहे? आधी मेन लिहा.'

"मॅडम, हा काय समोर दिसतोय," ती म्हणाली.

मी बघितलं. मेन होता, स्पेलिंगही बरोबर होतं. मी तो पुन्हा टाइप केला. एडिटर पुन्हा वाजला. तोवर शेजारच्या मशिनवरही तोच आवाज आला, मग पलीकडच्या. तासाभरात बारा मशिन मेन कुठे आहे असं विचारत होती आणि बाराही पडद्यांवर मेन ठळक दिसत होता.

दोन दिवस मी डोकं घातलं. शेवटी एवढंच कळलं की बरोबरवालं फंक्शन जिथे असेल तिथून खालचं काही एडिटरला दिसत नाही. ते फंक्शन फायलीच्या अगदी शेवटी लिहिलं तर खाली गिळायला काही उरत नाही आणि मेन वाचतो. मी सरांना तसं सांगितलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "शेवटी लिहिणं हीच चांगली पद्धत आहे. महत्त्वाचं आधी, बाकीचं नंतर." दुसऱ्या आठवड्यात प्रयोगांच्या पुस्तिकेत तो नियम छापून आला.

पहिल्या वर्षीच्या परीक्षेला धुळ्याहून बाह्य परीक्षक आले. सडपातळ गृहस्थ, चहा घेत नसत, आणि विद्यार्थ्याच्या खुर्चीमागे इतके शांत उभे राहत की विद्यार्थ्याचा हात थांबायचा. तीन-चार प्रोग्राम बघून त्यांनी एकाला विचारलं, "हे मेनच्या खाली का लिहिलंय?"

"सर, आमच्याकडे तसंच असतं."

"आमच्याकडे म्हणजे?"

"जळगावला, सर."

परीक्षक माझ्याकडे वळले. "धुळ्याहून इथवर येईपर्यंत बोली बदलते हे मला ठाऊक होतं. सी प्लस प्लसही बदलते हे आज कळलं." मग त्यांनी त्या विद्यार्थ्याला ते फंक्शन मेनच्या वर घ्यायला लावलं. एडिटर वाजला. परीक्षकांनी खालचं वाक्य वाचलं, पडद्यावरचा मेन वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा दोन्ही वाचलं. जाताना ते सरांना एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी मी आलो तर सगळ्यांना वर लिहायला सांगेन. तेव्हा असंच असेल तर अहवालात लिहावं लागेल."

पुढच्या वर्षी परीक्षेच्या तीन आठवडे आधी पत्र आलं. परीक्षक तेच.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, एडिटरची मूळ फाइल द्या. मी दुरुस्त करून बघते."

"करू सावकाश."

"सर, तीन आठवडे आहेत."

सर उठले, कपाट उघडलं आणि मागच्या खणातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. आत फ्लॉपी होती. ती उडदाच्या पापडासारखी वळली होती. मी ती टेबलावर ठेवली तर एक कोपरा हवेत राहिला.

"स्कूटरच्या डिकीत राहिली होती," सर म्हणाले. "मे महिन्यात."

"दुसरी प्रत?"

सरांनी खिडकीतून हायवेकडे पाहिलं. मग म्हणाले, "धुळ्याला असेल. एक विद्यार्थिनी होती, तिने तेव्हा थोडी मदत केली होती. आता सासरी असते, कापडाचं दुकान आहे त्यांचं." त्यांनी चिठ्ठी लिहिली. 'सौ. ... हिस अनेक आशीर्वाद. एडिटरची जुनी फाइल असल्यास पत्र आणणाऱ्या मॅडमकडे द्यावी.' खाली सही करून त्यांनी ती तीनदा वाचली आणि 'असल्यास'च्या खाली रेघ मारली.

रविवारी सकाळी मी एसटीने निघाले. पिशवीत चिठ्ठी, एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रामचा छापील कागद आणि आईने परवाच पाठवलेले केळीचे वेफर्स. पारोळ्याला अर्धी गाडी रिकामी झाली आणि तेवढीच पुन्हा भरली. अकराच्या सुमारास मी धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत, चप्पल काढून एका पांढऱ्याशुभ्र गादीसमोर उभी होते.

गादीवर शेठजी होते. राजस्थानातून त्यांच्या आजोबांनी येऊन थाटलेलं दुकान, असं नंतर कळलं. बाजूला एक नवरा-बायको बसले होते आणि बाई वरच्या फळीकडे बोट दाखवून अहिराणीत म्हणत होती, "त्या बठ्ठ्या दखाडा ना भाऊ. रंग पक्का शे ना?" शेठजींनी तिच्यासमोर त्या सगळ्या साड्यांचा गठ्ठा टाकला आणि माझ्याकडे वळले.

"या बाई, बसा. काय दाखवू?"

"मला साडी नकोय. मी एका फंक्शनसाठी आलेय."

"मग साडीच लागेल ना. कुणाचं फंक्शन?"

"कॉलेजचं. म्हणजे तसं नाही, ते यादीत येत नाहीये."

"यादी राहू द्या. बघत बघत करू यादी." त्यांनी दोन साड्या उलगडल्यासुद्धा.

"शेठजी, अडचण मेन फंक्शनची आहे."

"मेन फंक्शनला शालू घ्या. आधीच्या छोट्या फंक्शनला काठापदराची चालते." मग आवाज खाली आणून, आपुलकीने, "तुमचंच आहे का?"

शेजारच्या बाईने साड्या सोडून माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. मी घाईघाईने चिठ्ठी पुढे केली. शेठजींनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि साड्यांची घडी घालत म्हणाले, "मग आधी सांगायचं ना, सूनबाईच्या कॉलेजच्या आहात." आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

सूनबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. डोक्यावर पदर, हाताला कणीक. चिठ्ठी वाचताना तिचा चेहरा जरासा हलला. "सर बरे आहेत?" तिने विचारलं आणि मला वर स्वयंपाकघरात नेलं. मी तिला ताई म्हणू लागले. दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही.

"फ्लॉपी आहे," ती म्हणाली. "तिजोरीत आहे, दागिन्यांच्या डब्याखाली. घरात मुलांच्या हाती लागू नये अशी तेवढी एकच जागा. पण इथे कॉम्प्युटर कुठे आहे? चूक शोधायची तर कागदावर शोधावी लागेल."

"कागद आहेत?"

ताईने फळ्यांकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून चार लांब फळ्या होत्या, त्यांवर स्टीलच्या डब्यांच्या रांगा. प्रत्येक फळीवर डब्यांखाली कागद अंथरलेला होता, कडेला भोकं असलेला, लांबच लांब, मागचा-पुढचा जोडलेला.

"लग्न झालं तेव्हा एडिटरच्या छापील कागदांचा गठ्ठाच घेऊन आले होते," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, कागद चांगला जाड आहे."

सासूबाई मुलीकडे गेल्या होत्या म्हणून बरं. आम्ही दोघींनी डबे उतरवायला सुरुवात केली. तुरीच्या डाळीखाली फाइल उघडायचा भाग निघाला. साखर आणि पोह्यांच्या खाली छपाई होती. आम्हाला हवी होती ती यादी बनवणारी पानं, आणि ती कुठल्याच फळीवर मिळेनात. शेवटी ताईच्या लक्षात आलं. गॅसजवळ शेंगदाणा तेलाचं पिंप होतं. आम्ही ते सरकवलं. त्याच्या खाली एक गोल तेलाचा डाग, आणि डागाच्या आत ती पानं. तेलाने कागद इतका पारदर्शक झाला होता की वाचताना मागच्या पानावरचं उलटंही दिसत होतं.

ताई जमिनीवर बसली आणि वाचू लागली. वाचता वाचता तिचा पदर मागे सरकला, तो तिने सावरला नाही.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं.

"मग कोण लिहिणार? दोन वर्षं गेली माझी." तिने पान उलटलं. "सुरुवातीचा पडदा तोच आहे का अजून?"

मी विचार न करता बोलून गेले. "सरांच्या नावाचा? हो."

ती उठली, गॅसवरचं दूध बघितलं, उकळी यायला अजून वेळ होता, तरी गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. तेव्हा मला सरांच्या 'थोड्या मदती'चा अर्थ कळला आणि आपलं तोंड आपण कुठे उघडू नये हेही कळलं.

"चल," ती म्हणाली, "मी एडिटर होते. तू तो प्रोग्राम मोठ्याने वाच. एकेक शब्द."

मी विद्यार्थ्याचा कागद काढला आणि वाचू लागले. ती पेन्सिलीने आपल्या पानावरच्या ओळींवरून पुढे सरकत होती. "तारीख," मी वाचलं. "ऐकलं," ती म्हणाली. "ऑपरेटर." "ऐकलं." "बरोबर."

तिची पेन्सिल थांबली. "बरोबर? मग हे फंक्शन नाहीच. हे व्हेरिएबल आहे, त्यात कुणीतरी काहीतरी भरतंय. आता महिरपी कंसाबाहेरचा अर्धविराम येईपर्यंत मी झोपणार." आणि तिने खरोखर डोळे मिटले.

मी वाचत राहिले. फंक्शन संपलं. "ताई, महिरपी कंस बंद झाला."

"अर्धविराम?"

"फंक्शननंतर अर्धविराम नसतो."

"मग मी झोपलेलीच."

"ताई, मेन आला."

"मला दिसत नाही. मी अर्धविरामाची वाट बघतेय."

नेमके त्याच वेळी शेठजी वर आले. सगळे डबे जमिनीवर, तेलाचं पिंप मध्यभागी, सून भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली आणि मी तिच्यासमोर कागद धरून मेन आला, मेन आला असं सांगतेय. ते दारातच थांबले.

"बरं वाटत नाही का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"त्या एडिटर झाल्यात," मी म्हणाले.

ताईने डोळे उघडले, पदर घेतला आणि हसू लागली. पेन्सिलीने तिने मला एक ओळ दाखवली. तेलाच्या डागाच्या अगदी मधोमध तिनेच वीस-एकविसाव्या वर्षी लिहिलेली टीप होती, 'बरोबरचं चिन्ह आलं म्हणजे हे फंक्शन असूच शकत नाही.' 'असूच' हा शब्द तिने तेव्हा मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

"नुसतं सी होतं गं तेव्हा, प्लस प्लस नव्हतं," ती म्हणाली. "सीमध्ये खरंच असू शकत नव्हतं."

उपाय आता दिसत होता. बरोबरचं चिन्ह आलं की लगेच निकाल द्यायचा नाही, त्याच्या आधीचा शब्द बघायचा. तो 'ऑपरेटर' असेल तर चिन्ह नावाचाच भाग आहे असं समजून पुढे जायचं. मी ते लगेच लिहिलं. ताईने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. शब्द आणि चिन्ह यांच्यात मोकळी जागा सोडली तर? दोन बरोबर लागोपाठ आले तर? अधिक आणि बरोबर एकत्र आलं तर? कुणी व्हेरिएबलच्या नावाच्या शेवटी ऑपरेटर लिहिलं तर? प्रत्येक प्रश्नाला एक ओळ वाढत गेली. नवी टीप लिहिताना 'असूच' तिने खोडलं आणि त्या जागी 'बहुतेक' लिहिलं.

शेठजी तेवढा वेळ पाटावर बसून वेफर्स खात होते. त्यांनी भानगड काय आहे ते विचारलं. मी माझ्या परीने सांगितलं, की या भाषेत बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ज्याने त्याने आपापला ठरवायचा असतो.

"ज्याने त्याने?" शेठजी म्हणाले. "आमच्या गल्लीत तेच चालतं, म्हणून तर रोज भांडणं होतात." वेफर तोंडात टाकत ते पुढे म्हणाले, "मग चिन्हाच्या आधी काय आहे ते बघायचं. आमच्याकडे एकाच आडनावाची वीस गिऱ्हाइकं आहेत. मी आधी गाव विचारतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही तेच अर्ध्या तासापूर्वी लिहून मोकळ्या झालो होतो. "बाबूजी, बरोबर सांगितलंत," ती म्हणाली. "तसंच करतो." शेठजी समाधानाने खाली गेले, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या दोन-तीन दुकानांत बातमी पोचली की जळगावच्या कॉलेजचा कॉम्प्युटर त्यांनी दुरुस्त केला.

निघताना ताईने तिजोरीतून फ्लॉपी काढून दिली. "मी कॉलेज सोडलं तेव्हा जसं होतं तसं आहे यात," ती म्हणाली. "नंतर कुणी काही बदललं असेल तर ते यात नसणार." मी मान डोलावली. ती काय सांगत होती ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

जळगावला येऊन मी पेन्सिलीच्या ओळी टाइप केल्या, एडिटर नव्याने बनवला आणि तो मोडायचा प्रयत्न करत राहिले. बरोबरचं चिन्ह मेनच्या वर, दोन बरोबर, अधिक-बरोबर. मेन प्रत्येक वेळी यादीत दिसला. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाराही मशिनवर नवा एडिटर चढवला. पहिला पडदा आला की मी सवयीने एंटर दाबत होते. तीन वर्षं रोज दिसणारा पडदा कोण वाचतं?

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी बाराही मशिन सुरू करून एडिटर उघडून ठेवला आणि उत्तरपत्रिका आणायला ऑफिसात गेले. परत आले तेव्हा सर आणि परीक्षक आत उभे होते. बारा निळे पडदे, बारा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत ताईचं माहेरचं नाव. खाली छोट्या अक्षरांत, 'मार्गदर्शक', आणि सरांचं नाव.

परीक्षकांनी एका पडद्यावरचं नाव वाचलं, मग दुसऱ्या. तिथे काही वेगळं असेल असं त्यांना वाटलं असावं. "या कोण?" त्यांनी विचारलं.

सर चौकटीकडे पाहत होते. मला वाटलं ते आता मला केबिनमध्ये बोलावतील.

"माझी विद्यार्थिनी," सर म्हणाले. "हा एडिटर तिने लिहिलाय."

"मागच्या वर्षी इथे तुमचं नाव होतं."

"हो," सर म्हणाले. "ते चूक होतं."

परीक्षकांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. पुढे त्यांनी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. मला वाटतं त्या दिवसापासून मला ते गृहस्थ आवडू लागले.

परीक्षा सुरू झाली. मुलांनी सवयीने बरोबरवालं फंक्शन मेनच्या खाली लिहिलं. नियम रद्द झाल्याचं मी फळ्यावर लिहिलं होतं, पण मुलं फळ्यापेक्षा आधीच्या वर्षीच्या जर्नलवर जास्त विश्वास ठेवतात. परीक्षक एका विद्यार्थ्यामागे उभे राहिले. "वर घे," ते म्हणाले.

"सर, वर घेतलं तर मेन जातो," तो काकुळतीने म्हणाला.

"जाऊ दे. घे."

त्याने घेतलं, डोळे बारीक करून कळ दाबली. यादी आली, यादीत मेन होता. त्या विद्यार्थ्याने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला वर्षभर फसवलं होतं. तसं पाहिलं तर फसवलंच होतं.

परीक्षकांनी दहा मशिन तपासली. अकराव्यावर त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि मेनच्या वर एक छोटं फंक्शन टाइप केलं. त्यात गोल कंसातच एका आकड्याला बरोबरचं चिन्ह लावून ठेवलं होतं. कुणी आकडा दिला नाही तर हा धरायचा, अशी सोय त्या भाषेत असते. कळ दाबली.

एडिटर वाजला, 'मेन कुठे आहे? आधी मेन लिहा.'

खोलीत सगळे थांबले. परीक्षकांनी वाक्य वाचलं आणि आम्ही त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "ही दुसरी जागा राहिली," ते म्हणाले. "अहवालात काही लिहीत नाही. त्या बाई असतात कुठे?" मी धुळ्याचं नाव घेतलं. "मग पत्ता द्या, मीच जाऊन सांगतो."

ते खरंच गेले. आठवड्याभराने मला ताईचं पोस्टकार्ड आलं. वरच्या अर्ध्या भागात सी प्लस प्लसच्या सात ओळी, खाली, 'गोल कंसात असताना बरोबरकडे लक्षच द्यायचं नाही. तुमचे परीक्षक येऊन गेले. चहा घेतला.' आमच्या पोस्टमनने ते कार्ड माझ्या हातात देताना विचारलं, "मॅडम, ही कुठली भाषा? गुजराती नाही वाटत." पुढे दोन वर्षं अशी कार्डं येत राहिली. मी चुका कळवायचे, ती दुरुस्त्या पाठवायची. एकदा ओळी कार्डात मावल्या नाहीत म्हणून तिने पत्त्याच्या बाजूलाही लिहिलं, तर ते कार्ड आधी भुसावळला जाऊन आलं.

मग ताईने दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन कॉम्प्युटर घेऊन क्लास काढला. उद्घाटनाला सरांना बोलावलं होतं. आम्ही दोघं एसटीने निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, आम्ही चहा घेतला. कप हातात धरून ते म्हणाले, "तिने प्रोजेक्ट दिला, मी त्यात चार-दोन गोष्टी घातल्या. पहिल्या वर्षी नुसतं विभागाचं नाव टाकलं होतं. मग विद्यापीठातून कोणीतरी आले आणि म्हणाले, वा, तुम्ही लिहिलंत? माझ्या तोंडून हो निघून गेलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "एकदा हो म्हटलं की दर वर्षी म्हणावं लागतं."

कंडक्टरने घंटी दिली.

धुळ्याला ताईने सरांना वाकून नमस्कार केला. सरांनी आशीर्वाद दिला, पण ते तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. शेठजींनी पेढे वाटले, नारळ फोडला, चार शब्द बोलायला सरांना उभं केलं. सर म्हणाले, "ही मुलगी माझ्या हाताखाली शिकली. तिने लिहिलेला एडिटर आमच्याकडे बारा वर्षं चालला. मी तिला हे आधी सांगायला हवं होतं." आणि खाली बसले. शेठजींनी जोरात टाळ्या वाजवल्या. ताईने सरांच्या बशीत आणखी एक पेढा ठेवला.

लोक गेल्यावर आम्ही तिघं वरच उरलो. ताईने कॉम्प्युटर सुरू केला. सर विद्यार्थ्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर जाऊन बसले, खिशातलं पेन काढलं आणि माझ्याकडून कागद मागून घेतला.

"ते गोल कंसाचं मला नीट कळलेलं नाही," ते ताईला म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

ताईने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.